आचाऱ्याला बोट लागते

जहाज, धक्क्याला लागलेलं
दि. ४ नोव्हेंबर

ति. स्व. ताईस,
धाकट्या भावाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पहिली खेप काल संपली. तीन दिवस जायचं, तीन दिवस यायचं आणि मग आठवडाभर धक्क्याला उभं राहून भांडी घासायची, ही एक खेप. अशा चार खेपा नीट पार पडल्या की नोकरी कायम. तीन राहिल्या. पत्र जमिनीवर बसून लिहितोय, म्हणून अक्षर सरळ आहे.

ताई, तुझ्यापासून काय लपवायचं, मला बोट लागते. साधीसुधी नाही. जहाज धक्क्याला दोरखंडांनी बांधलेलं होतं तेव्हाच लागायला सुरुवात झाली. सुटल्यावर अकरा उलट्या झाल्या. पहिल्या चारांना मी देवाचं नाव घेतलं, पुढच्यांना तेवढी सवड मिळाली नाही.

भटारखाना, म्हणजे इथलं स्वयंपाकघर, आपल्या न्हाणीघरापेक्षा हातभर मोठा. चुलीवरची पातेली घसरू नयेत म्हणून प्रत्येकाला लोखंडी कठडा आहे. आचाऱ्याला कठडा नाही. माझ्या वर एक बडे आचारी आहेत, त्यांना मान नाही, डोकं थेट खांद्यावर ठेवलेलं आहे. वीस वर्षं ह्या भटारखान्यातून ते हललेले नाहीत. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की आधीच्या आचाऱ्याला बोट लागायची, त्याला पेटीसकट पुढच्या बंदरात उतरवला. ज्याचं स्वतःच्या पोटावर राज्य नाही त्याच्या हातचं लोकांनी का खावं, असं त्यांचं म्हणणं.

म्हणून मळमळलं की मी बटाट्याच्या कोठारात जातो, तिथल्या बादलीत काय ते उरकतो आणि संशय नको म्हणून येताना चार बटाटे घेऊन येतो. कुणी मागितलेले नसताना एका खेपेत चव्वेचाळीस बटाटे सोलले.

वसतिगृहाचं स्वयंपाकघर बंद पडलं, मग खानावळ, मग ते हॉटेल. मी जाईन तिथली चूल विझते असं दाजी म्हणतातच. चौतिसाव्या वर्षी हीसुद्धा गेली तर मला कुणी पाणी तापवायलाही ठेवणार नाही. तेव्हा उपाय कळव. दाजींना मात्र ह्यातलं काही सांगू नकोस.

सोबत आमचं जेवणाचं छापील कार्ड बघायला पाठवतोय. कार्ड बघून तरी तुला माझा अभिमान वाटावा.

मोठ्यांना नमस्कार, तुझी माया आहे तशी चालू ठेवावी.

तुझा
ठोंब्या


घर
दि. ७ नोव्हेंबर

चि. ठोंब्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. आधी देवापुढे बसले, मग ह्यांना वाचून दाखवलं. सांगू नकोस असं तू लिहिलंयस खरं, पण ते शेवटच्या पानावर होतं आणि मी पहिलं पान वाचतानाच ह्यांना हाक मारली होती. तुझे दाजी हातातलं घड्याळ खाली ठेवून खूप हसले. पण नंतर स्वतःहून म्हणाले की पोराचं काहीतरी करायला हवं. मनाने वाईट नाहीत.

मी दोन ठिकाणी चौकशी केली. मागच्या गल्लीतले बटणवाले आजोबा तरुणपणी बारा वर्षं खलाशी होते, त्यांना विचारलं. औषधांच्या दुकानातल्या कंपाउंडरलाही विचारलं. दोघांचं सगळं जुळेना. आता कुणाचं तरी ऐकून सख्ख्या भावावर प्रयोग करणं मला बरं वाटेना. नवरा घरातलाच आहे. म्हणून बागेतल्या झोपाळ्यावर ह्यांना बसवलं. झोके मी दिले, मिनिटं ह्यांनी स्वतःच्याच घड्याळावर मोजली, आणि काय खाल्लं, किती वेळ टिकले, रंग कोणता झाला ते मी वहीत उतरवून घेतलं.

पहिल्या दिवशी उपाशीपोटी, हातात वर्तमानपत्र. सातव्या मिनिटाला पांढरे पडले. दुसऱ्या दिवशी शेजारणीकडचा तळलेला मासा खाऊन. चौथ्या मिनिटाला उतरले ते तडक घरी जाऊन दिवे लागेपर्यंत आडवे झाले. तिसऱ्या दिवशी कडक भाजलेला पाव, दाढेखाली आलं आणि नजर लांबच्या पाण्याच्या टाकीवर. एकोणीस मिनिटं झाली तरी गाल गुलाबी. पुढेही टिकले असते, पण मुलं रांगेत उभी होती आणि बागेच्या रखवालदाराने ह्यांना वय विचारलं.

तुझं कार्ड चांगलं जाड आहे आणि पाठ पूर्ण कोरी. असा कागद पेटीत ठेवून काय करायचाय, म्हणून सगळे उपाय त्याच्याच पाठीवर सुवाच्य अक्षरात लिहून परत पाठवतेय. पिठाच्या डब्याजवळ टाचून ठेव. पुढची बाजूही वाचली. मलईतली कोंबडी, लोण्यात तळलेले बटाटे, वर अंड्याचं कस्टर्ड. बाबा रे, मला वाचूनच जमिनीवर बोट लागली.

गोळीही मिळते, पण ती निघायच्या तासभर आधी घ्यायची. एकदा लागल्यावर घेतली तर ती पोटात थांबत नाही. शिवाय तिने झोप येते म्हणे, आणि तू उकळत्या तेलाशी उभा असतोस, तेव्हा जहाजाच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नकोस.

बादली स्वच्छ धुऊन पालथी घालत जा. कोठार असलं तरी अन्नाची जागा आहे.

देव पाठीशी आहे, मीही आहे. आठवण ठेवून पत्र टाक.

तुझी
ताई


जहाज
दि. १७ नोव्हेंबर

ति. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दुसरी खेप झाली. उलट्या अकरावरून चारावर आल्या, हे चांगलं. बाकी सगळं वाईट. क्रमाने सांगतो.

तुझं कार्ड मी पिठाच्या डब्याजवळ टाचलं होतं. आमच्याकडे जेवणघर सांभाळणारा एक म्हातारा वाढपी आहे, अतिशय शिस्तीचा. त्याला ते दिसलं. एका बाजूला छापील जेवण, दुसऱ्या बाजूला टपोऱ्या अक्षरात सूचना. त्याला वाटलं, कचेरीतून प्रवाशांसाठी नवा हुकूम आलाय. त्याने ते कार्ड जेवणघराच्या दारावर लावलं, तुझी बाजू वर करून.

झालं. एकशे साठ प्रवाशांनी ते वाचलं. पोट रिकामं ठेवू नये, ठासून भरूही नये. दर दोन तासांनी कडक पाव, थोडा थोडा. आल्याचा तुकडा दाढेखाली. तळणीचा वास टाळावा. वाचत बसू नये. दूर जिथे आभाळ पाण्याला टेकतं तिकडे बघत राहावं. दुसरा उलटी करत असेल तर त्याच्याकडे बघू नये, चौकशी मागाहून करावी. लाजू नये, दाजीसुद्धा सातव्या मिनिटाला पांढरे पडले. आंघोळ चुकवू नये. तुझी ताई.

ही ताई कोण ह्यावर बरीच चर्चा झाली. बहुतेकांचं मत, मोठी डॉक्टरीण असावी. दाजींबद्दल लोकांना फारच कळवळा आला. आता जहाजावर कुणी पांढरा पडला की त्याचा दाजी झाला असं म्हणतात. एका वकिलाच्या बायकोने मला हळूच विचारलं की तिच्या नवऱ्याचा दाजी होतोय, तर आलं मिळेल का.

आणि ताई, लोकांना गुण आला. पहिल्या दिवशी सगळे कठड्याला रांगेने उभे राहून आभाळाकडे बघत होते आणि दर दोन तासांनी पाव मागायला येत होते. वाईट झालं ते हेच. आमच्याकडे वर्षानुवर्षांची पद्धत अशी की प्रवासी दीडशे असोत की दोनशे, सामान साठ जणांचं भरायचं. बाकीच्यांना समुद्र जेवू देत नाही. ह्या खेपेला एकशे साठच्या एकशे साठ जेवायला आले, ताटल्या वाजवत. दुसऱ्या दिवशी दुपारी पाव संपला. तिसऱ्या दिवशी तांदळाच्या पोत्याची शिवण दिसू लागली. परतीला सकाळी उकडलेला बटाटा, दुपारी उकडलेला बटाटा आणि कप्तानसाहेबांना सोललेला उकडलेला बटाटा.

बडे आचारी चवताळले. कार्ड दारावरून ओढून काढलं आणि वाचलं. वर दाराच्या पट्टीखाली झाकल्या गेलेल्या ओळीत तू स्वच्छ लिहिलं होतंस, चि. ठोंब्यासाठी, बोट लागू नये म्हणून. हा ठोंब्या कोण, असं त्यांनी अख्ख्या भटारखान्याला विचारलं. मी नेमका तेव्हाच कोठारातून बाहेर येत होतो, तोंड पुसत, हातात चार बटाटे.

पुढच्या खेपेच्या आधी मला कप्तानसाहेबांपुढे उभं करणार आहेत. आचारी असून बोट लागते हा एक गुन्हा आणि प्रवाशांना लागू दिली नाही हा दुसरा.

काय बोलू ते लवकर कळव.

तुझा पांढरा
ठोंब्या


दुकान
दि. १९ नोव्हेंबर

प्रिय मेहुणेबुवांस,
स. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या ताईला न कळवता लिहितोय. एका काचेच्या आड बसून तीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त करणारा मी साधा माणूस आहे. माझं नाव एका जहाजावर एका आजाराला दिलं गेलंय हे तुमच्या पत्रावरून समजलं. ह्याबद्दल काय वाटून घ्यावं ते अजून ठरलेलं नाही.

विनंती एवढीच. तुम्ही एकतर पूर्ण बरे व्हा, नाहीतर पूर्ण आजारी पडून घरी या. मध्ये लटकू नका, कारण तुम्ही लटकलात की मी झोपाळ्यावर लटकतो. काल लिंबू आणि पुदिन्याची पाळी होती. परवा डोळे मिटून उताणं पडल्यास काय होतं ते बघायचंय, आणि त्यासाठी तुमच्या ताईने बागेतला फिरता पाळणा ठरवलाय. रखवालदार आता मला नमस्कार करतो.

तुम्ही आलात तर माझ्या टेबलाशेजारी जागा आहे. घड्याळाचे काटे पुसण्याचं काम शिकवीन. ते हलत नाही.

जिव्हाळा वाढता राहो, प्रयोग मात्र नको.

आपला
दाजी (मूळचे)


घर
दि. २० नोव्हेंबर

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. एकशे साठ परक्या माणसांना मी आंघोळ चुकवू नका असं लिहून कळवलं. मॅट्रिकला मराठीत मला पहिला वर्ग होता, तो ह्याचसाठी होता का, असं मनात आलं. ती ओळ फक्त तुझ्यासाठी होती, आणि ती का होती ते तुला माहीत आहे.

आता कप्तानांपुढे काय बोलायचं ते ऐक. खरं बोल. मळमळतं हे कबूल कर, किती वेळा तेही सांग, कमी करून सांगू नकोस. त्यांनी विचारलं की लोक का जेवले, तर तेही सांग. घरात पाहुणे जेवायला बसले म्हणून गृहिणी रडत नाही. ती पुढच्या खेपेला तांदूळ जास्त धुते. एवढ्या मोठ्या जहाजाने लोकांना मळमळेल ह्या भरवशावर सामान भरावं हे मला तरी धर्माला धरून वाटत नाही. हे मात्र तू म्हणू नकोस. मी म्हणतेय.

दर माणशी किती तांदूळ, किती पाव, किती आलं असा तक्ता सोबत जोडलाय, एकशे साठांचा. लागला तर त्यांच्यापुढे ठेव. आल्याच्या साली फेकू नका, पाण्यात उकळल्या की उरलेला गुण उतरतो.

तुझे दाजी कालपासून पत्र लिहून झाल्यासारखे वागताहेत. मी काही विचारलेलं नाही. पाळण्याचं मात्र ठरलं तसंच आहे.

मन घट्ट ठेव, पोट सैल ठेव, आणि आमच्यावरचं प्रेम होतं तेवढंच ठेव.

तुझी
ताई


जहाज
दि. ३० नोव्हेंबर

ति. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कप्तानसाहेब काटकुळे गृहस्थ आहेत आणि दिवसभर बिनदुधाचा चहा पितात. मी सगळं खरं सांगितलं, अकरा आणि चार. त्यांनी तुझा तक्ता दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. मग विचारलं, पोटात काय काय राहिलं. मी म्हणालो, मोकळा भात, कडक पाव, उकडलेला बटाटा, आल्याचं पाणी. काय राहिलं नाही, असं विचारलं. मी म्हणालो, बडे आचारी करतात ते सगळं.

बडे आचारी शेजारीच उभे होते.

कप्तानसाहेबांनी बराच विचार करून निकाल दिला. जहाजावर चव बघणारे पुष्कळ आहेत, पण प्रवाशांचं पोट असलेला आचारी हा एकटाच. तेव्हा ह्यापुढे प्रत्येक पदार्थ आधी ह्याने खायचा, अर्धा तास थांबायचं, पोटात राहिला तर वाढायचा, नाही राहिला तर माशांना. चौथ्या खेपेपर्यंत असं चाललं तर ह्याच कामावर कायम करू. ताई, वसतिगृहात, खानावळीत, हॉटेलात, कुठेच माझ्यात गुण आहे असं कुणी म्हटलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बड्या आचाऱ्यांना वाटलं उलटी येतेय, ते मागे सरकले.

इथवर छान. आता तिसऱ्या खेपेचं ऐक. एकही उलटी झाली नाही. लाटा दाराएवढ्या होत्या आणि मी भटारखान्यात शीळ घालत कांदा चिरत होतो. तुझ्या उपायांनी आणि सवयीने मी ठणठणीत बरा झालोय. बड्या आचाऱ्यांनी मुद्दाम मलईतली कोंबडी केली. मी ती खाल्ली, अर्धा तास थांबलो, काही झालं नाही. उलट आणखी मागून घेतली. नियमाप्रमाणे ती एकशे बावन्न ताटांत वाढली. संध्याकाळपर्यंत एकशे बावन्न दाजी झाले. वकीलसाहेब परतीलाही आमच्याच जहाजावर होते, ते तर दोनदा झाले.

उतरताना कप्तानसाहेबांनी मला विचारलं की प्रकृती बिघडली तर नाही ना, म्हणजे सुधारली तर नाही ना. मी लगेच बटाटे आणायला गेलो.

ताई, मला बोट लागत नाही हे कळलं तर मी बाकीच्यांसारखाच एक आचारी, आणि तसा एक त्यांच्याकडे आहे. म्हणून विचारतो, पुढच्या खेपेला घशात बोट घालून थोडं निभावून नेलं तर चालेल का? चारचौघांत एकदाच करीन.

उत्तर लगेच दे. पाठीवरचा तुझा हात काढू नकोस.

तुझा तब्येतीने बरा
ठोंब्या


घर
दि. ३ डिसेंबर

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद. वि. वि.

चालणार नाही.

तू बरा व्हावास म्हणून मी महिनाभर रोज जपमाळ ओढली. देवाने ऐकलं. आता त्याच्या डोळ्यांदेखत घशात बोट घालायचं, हे कोणत्या तोंडाने? खोटी उलटी करून मिळवलेलं अन्न अंगी लागत नाही, हे लक्षात ठेव. शिवाय तुझ्या पोटावर विश्वास ठेवून दीडशे माणसं ताटावर बसतात. त्यात म्हातारी असतील, लेकुरवाळ्या असतील. तू बरा झालास हे लपवलंस आणि त्यांना ती मलई पुन्हा खावी लागली, तर ते पाप बड्या आचाऱ्याचं नाही, तुझं.

जहाज सुटायच्या आधी कप्तानांकडे जा आणि सरळ सांग की मी बरा झालोय, माझ्या पोटाचा आता भरवसा नाही. ठेवलं तर ठेवतील. नाही ठेवलं तर पहिल्या गाडीने घरी ये. ह्यांच्या टेबलाशेजारी जागा आहे असं ह्यांनी तुला कळवलंय, ते मला ठाऊक आहे. टिपकागदावर उलटं उमटलेलं मला वाचता येतं.

नोकरी गेली तर मला वाईट वाटेल, खोटं कशाला सांगू. शेजारणीला मी सांगून ठेवलंय की भाऊ जहाजावर असतो. पण तिला आणखी काहीतरी सांगता येईल.

घाबरू नकोस. खाऊन मग जा, रिकाम्या पोटी खरं बोलवत नाही.

तू माझा आहेस तो आहेसच, वेगळं काय मागू.

तुझी
ताई


जहाज
दि. १३ डिसेंबर

ति. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दोन पाव आणि भात खाऊन गेलो आणि सांगितलं. कप्तानसाहेबांनी चहाचा पेला खाली ठेवला. इतका दुःखी माणूस मी धक्क्यावर निरोप देणाऱ्यांतही पाहिला नव्हता. बडे आचारी दाराशीच होते. माझी पेटी त्यांनी आधीच बाहेर काढून ठेवली होती, दोरी बांधून.

पण कप्तानसाहेब म्हणाले की एवढ्यात निकाल नको, आधी खात्री करू. भटारखाना जहाजाच्या पोटात, अगदी मधोमध आणि खाली आहे. तिथे हेलकावा सगळ्यांत कमी. खरं हलतं ते पुढचं टोक. जहाज खुल्या समुद्रात आल्यावर त्यांनी मला तिथे नेलं. तिथून बघितलं की एकदा नुसतं आभाळ दिसतं आणि एकदा नुसतं पाणी, मधली रेघ सापडतच नाही. मला एका दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसवलं आणि हातात घड्याळ घेऊन ते समोर उभे राहिले. मलईतल्या कोंबडीची ताटली धरायला बडे आचारी आले, कारण ताटली दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची त्यांची तयारी नव्हती.

मी खाल्लं. दोन मिनिटं, तीन मिनिटं, काही नाही. मी मनात घरच्या गाडीचं वेळापत्रक आठवायला लागलो. चौथ्या मिनिटाला ताटली खाली पडली. मी वर पाहिलं तर बडे आचारी कठड्याशी ओणवे झाले होते. जहाज चालू असताना वीस वर्षांत ते भटारखान्याच्या मजल्यावरून वर आले नव्हते, त्यामुळे आपल्याला बोट लागते हे त्यांनाही माहीत नव्हतं. तुझी सूचना आठवून मी तिकडे बघितलं नाही. चौकशी मागाहून केली.

कप्तानसाहेबांनीही बघितलं नाही. ते माझ्याकडे बघत होते, आणि खरं सांगतो, त्यांचे ओठ प्रार्थना केल्यासारखे हलत होते. मी काहीही केलं नाही, ताई. घशात बोट नाही, मनात वाईट विचार नाही. हात जोडून बसलो होतो आणि तुला खरं तेच लिहायचं एवढंच ठरवलं होतं.

अकराव्या मिनिटाला माझा दाजी झाला आणि त्याच वेटोळ्यावर मी कायम झालो.

तुझा
ठोंब्या